डाव्या बाजूचा ब्रेक

माझी मुलगी अंगणात सायकलवरून उतरली आणि तापलेल्या रबराचा वास आला. पडवीत बसलेले माझे काका म्हणाले, "पोरीच्या पायात जोरच नाही."

असंच त्यांनी माझ्याबद्दलही म्हटलं होतं. तेव्हा मी नववीत होते आणि धानाची रोवणी चालू होती. कारध्याहून भंडाऱ्याच्या शाळेत जाताना पुलावर सायकल इतकी जड जायची की मला रडू यायचं. काका बाबांना म्हणाले, "तिच्यानं होऊन नाही राहिलं. शाळा सोडव, रोवण्याले येईल." बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले. त्याचीच मला भीती वाटली.

संध्याकाळी मी सायकल उलटी करून पुढचं चाक फिरवलं. ते लगेच थांबलं. ब्रेक सोडला तरी डावं रबर रिमला चिकटूनच होतं. तेल घालून उपयोग झाला नाही. मग स्प्रिंगमागे वाळलेला चिखल दिसला, आणि त्यात गुंतलेली धानाच्या रोपांची मुळं. केसांतल्या पिनेनं ती उपसली, तसं चाक भिरभिरत राहिलं.

मी शाळेतून आले की काका माझीच सायकल न्यायचे आणि हँडलला रोपांच्या ओल्या पेंढ्या टांगून शेतातल्या बांधीवर पोचवायचे. ती मुळं मी त्यांच्या ताटापाशी टाकली. "मंग काय झालं?" म्हणाले, आणि जेवत राहिले.

माझी शाळा सुटली नाही. त्यांचं ते जेवणं मात्र अजून माझ्या डोक्यात जातं.

आज मी केसांतली पिन काढून मुलीच्या ब्रेकमागे घातली. बाहेर आली ती मुळं अजून ओलसर होती.

"काका," मी विचारलं, "काल हिची सायकल कोणं नेली होती?"