झोपलेल्या आजोबांचं जेवण

डब्यावरची फॉइल सोलली की तो कोंदट वाफेचा वास येतो आणि माझं डोकं आजही फिरतं. मी विमानात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. रात्री दोनच्या फ्लाइटमध्ये जेवण द्यायचं, पण झोपलेल्याला उठवायचं नाही, असला आमचा नियम! आदल्याच खेपेला एकाला उठवलं तर त्याने तक्रार ठोकली होती, म्हणून त्या रात्री खिडकीजवळच्या आजोबांना मी झोपू दिलं. उतरायच्या जरा आधी ते जागे झाले. "पोरी, मला उठवायचं नाही का? जेवल्याशिवाय गोळी कशी घेऊ?" तोवर ट्रॉल्या बंद झालेल्या. मी त्यांच्या हातात दोन बिस्किटं ठेवली, मागच्या रांगेत झोपलेला त्यांचा मुलगा उठून आला, त्याची बोलणी खाल्ली, चारचौघांत माफी मागितली. सकाळी काळाचौकीच्या आमच्या खोलीत येऊन आडवी होते न होते, तोच आई मला हलवायला लागली. "दोन घास खा गो, मगे झोप." "झोपू दे ना! एवढंही कळत नाही तुला?" मी खेकसले. संध्याकाळी उठले तर ओट्यावर दोन ताटं झाकलेली होती, एक माझं आणि एक तिचं. आजोबांच्या मुलाची माफी मी तिथल्या तिथे मागितली होती. आईची आजपर्यंत नाही.