सुनेच्या तोंडून बहिणीशी

आमच्या कॅम्प पाच भागातल्या त्या मोबाईलच्या दुकानापर्यंत मी त्या आठवड्यात कितीदा गेले आणि पायरी न चढता पुढं निघून आले, विचारू नका. कधी भाजीचं निमित्त, कधी दळणाचं. काचेत जुने फोन मांडलेले, स्वस्तातले. बघायची आणि निघायची. घरी आलं की जीव परत तिकडंच.

हौस नव्हती हो. माझा बटणांचा फोन बरा चालला होता. पण खरवईला माझी धाकटी बहीण असते, तिचे कान एका आजारपणात गेले ते गेलेच. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिनं कपाटात टाकलंय. ओठ बघून मात्र तिला सगळं कळतं. आणि माझे गुडघे असे, की तिच्यासमोर जाऊन बसणं सणासुदीलाच. तिला मुलानं मोठा फोन घेऊन दिलाय, पण माझ्याकडून नुसता आवाज जाणार. तो तिची सून ऐकणार आणि हातवारे करून तिला सांगणार. सून गुणाची आहे, सगळं नीट सांगते. पण सुनेबद्दलचं सुनेच्याच तोंडून कसं विचारायचं? मागच्या खेपेला मी निघताना बहीण दारात मला थांबवून म्हणाली, "ताई, घरातलं एक बोलायचंय," आणि तेवढ्यात सून रिक्षा घेऊन आली. ते एक काय, यानं माझी झोप गेली.

माझा मुलगा म्हणाला, "आई, जुना नको, कोणाचा तरी चोरलेला असतो. दिवाळीला नवा घेऊ." दिवाळीपर्यंत काय मी अशीच कुशी बदलत राहू?

शेवटी एका सकाळी चढले पायरी. दुकानदार सिंधी, बोलका. पहिलाच फोन काढून त्यानं गाणं लावलं. "आवाज बघा मावशी! लग्नात वाजवा!"

म्हटलं, "सेठ, आवाज राहू द्या. माझं तोंड दिसतं का त्यात?"

दिसलं, पण धुरात बसल्यासारखं. समोरचा कॅमेराच खराब. "इस उमर में सेल्फी का क्या करायचं?" असं म्हणून हसला. मग मी बहिणीची सगळी कथा सांगितली, तसा त्यानं खालच्या खणातून दुसरा काढला. "याचा स्पीकर बसलाय, म्हणून दाखवत नव्हतो. कॅमेरा एकदम साफ." बिल आहे का विचारलं, तर पहिल्या मालकाचं बिल आणि डबा दोन्ही पुढं ठेवलं. मुलाचं तोंड बंद करायची सोय झाली.

माझं सिम घालून त्यानं खरवईला व्हिडीओ लावून दिला. बहीण दिसली! "जयभीम ताई! अगं, किती वाळलीस!" ऐकू येत नाही ना, म्हणून ओरडूनच बोलते. बसलेल्या स्पीकरमधूनही तिचा आवाज ऐकून शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. तिच्या मागं सून कणीक मळत होती.

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "त्या दिवशी काय बोलायचं होतं?"

तिला कळलं. तिनं मागं बघितलं आणि तिनंही नुसते ओठ हलवले.

मला काही म्हणजे काही कळलं नाही. इतके दिवस घोकत होते, तिला माझं कसं कळेल. तिचं मला कसं कळेल, हे डोक्यातच आलं नाही! मी मान हलवली. तिनं परत केलं, सावकाश. सेठनं मान पुढं घातली, "काय म्हणते, पापड?"

"गप बसा हो."

बहिणीनं कपाळाला हात लावला. मग बोटानं सुनेकडं दाखवलं, खांद्याला पर्स अडकवल्यासारखं केलं, हात हलवून टाटा केला. कामाला जाणार! आणि आता ओठ ओळखले मी, "दुपारी."

फोन बंद केला. "सेठ, हाच द्या," म्हटलं. "आणि याच्यात किती वाजले ते कुठं दिसतं?"

त्यानं दाखवलं. दहासुद्धा वाजले नव्हते. दुपार व्हायची होती अजून केवढी तरी.