जनान्याची कडी

परवा मोबाइलवर तो जुना भुताचा सिनेमा पुन्हा पाहिला. भुताचा रबरी मुखवटा गळ्यापाशी सुटलेला दिसला आणि हसूच आलं. पण हवेलीचं दार बंद झालं, तसा देगलूरच्या टॉकीजमधला मोगऱ्याचा आणि घामाचा वास नाकात भरला. तिथं बायकांसाठी वेगळा जनाना होता. खेळ सुरू झाला की डोअरकीपर बाहेरून कडी लावायचा.

मी तेव्हा लहान, मावशीबरोबर गेलेली. पडद्यावर भूत आलं तशी रडायला लागले. "मावशी, घरी चल. लई भ्या वाटायलंय."

"गप बस. हितं आत कोनी येत न्हाई."

भुतानं नायिकेचा गळा धरला, तरी मावशी निवांत शेंगा फोडत होती.

सिनेमा संपला, कडी निघाली. बाहेर मावशीचा नवरा सायकल धरून उभा होता. माझ्या हातातला तिचा हात एकदम गार पडला.

मला वाटलं, ती आत्ता भुताला भ्याली.