सुमेरी लोकांचे सुके बोंबील

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या आमच्या फ्लॅटमध्ये सुके बोंबील भाजायला बंदी होती. बंदी घातली होती माझ्या आठवीतल्या लेकीने. युनिफॉर्मला वास लागतो आणि वर्गातल्या मुली नाक दाबतात, म्हणून. रत्नागिरीहून कुणी आलं की माझ्यासाठी बोंबील पिशवीत पिशवी घालून आणायचं, आणि ती शाळेत गेल्यावर मी खिडक्या उघड्या टाकून ते चोरून खायची. माझं स्वयंपाकघर आणि मीच चोर.

मग शाळेत सुमेरी लोक आले. हजारो वर्षांपूर्वी इराकात राहायचे म्हणे. इराकची हद्द इथून फार लांब नाही, त्यामुळे बाईंनी ते शेजारीपाजारी असल्यासारखे शिकवायला घेतले. ते काय खात, काय नेसत, याचं प्रदर्शन ठरलं. लेकीच्या वाट्याला जेवण आलं. जवाची भाकरी, कांदा, खजूर आणि सुकवलेली मासळी.

"अम्मी, अपने पास वो ड्राय फिश है ना?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. आईने खाल्ली तर घाण, मेलेल्या लोकांनी खाल्ली तर अभ्यास. तरी मी हो म्हटलं. मला एकच हवं होतं. चार माणसांसमोर या पोरीने म्हणावं की हे माझ्या अम्मीने केलंय.

जव आणले नवऱ्याने, बकऱ्यांच्या चाऱ्याच्या दुकानातून. दुसरीकडे मिळेनात. खडे, काड्या, आणि परातीत पसरले तर पोरकिडे चालायला लागले. निवडताना अंगावर काटा आला. त्याची भाकरी थापली ती तव्यावरच तडकली, आणि चव म्हणाल तर भिजलेल्या पुठ्ठ्याची. तिकडे लेकीने बाथरूमबाहेरचं लोकरीचं पायपुसणं कापून सुमेरी घागरा शिवला. त्या लोकांचे कपडे असेच झुबक्यांचे असत, ती म्हणाली. असतील. पण त्याला आमच्या सगळ्यांचे ओले पाय पुसलेले होते, आणि तो घागरा तिने जेवणाच्या टेबलावर वाळत टाकला. ते लोक जवाची दारू मडक्यात नळ्या घालून पीत. दारूचं इथे नावही काढायचं नव्हतं, म्हणून मडक्यात सफरचंदाचा रस भरायचं ठरलं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी बोंबील केले. हात सवयीने चालला. लसूण, लाल तिखट, कोकमाचं आगळ. लेक आली आणि किंचाळलीच.

"अम्मी, मिर्ची नहीं थी उनके पास!"

"मग खायचे कशे गो ते?"

तिने पातेलं उचललं आणि बोंबील नळाखाली धरले. लाल पाणी सिंकमध्ये वाहत गेलं आणि बोंबील फुगून लिबलिबीत झाले. अन्नाची अशी दशा मी कधी पाहिली नव्हती. तरी ते पंच्याने टिपले, तिळाच्या तेलात लसूण-मीठ घालून पुन्हा कुरकुरीत केले. तीळ, लसूण, मीठ सुमेरी लोकांना चालत होतं.

शाळेच्या हॉलमध्ये कापसाच्या दाढ्या लावलेली पोरं मातीच्या पाट्यांवर आइस्क्रीमच्या काड्यांनी सुमेरी अक्षरं टोचत बसली होती. लेक पायपुसणं नेसून टेबलामागे उभी. मी इतर आयांबरोबर भिंतीशी. नवा स्कार्फ बांधला होता. मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी बोंबलाचा तुकडा उचलला, चावला, आणि आणखी एक घेतला.

"अरे वा. ये किसने बनाया?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी नीट उभी राहिले.

"बाहर से मँगवाया, मॅम," ती म्हणाली. "हमारे घर में ये कोई नहीं खाता."

मागच्या मुली हसल्या, तीही हसली. माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. पोटच्या पोरीची शिसारी यावी, याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. आई मीच, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ताटली माझ्यापुढे धरली.

"आप लोग नहीं खाते? एक बार चखिए तो. डरिए मत, अच्छा है."

लेक श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. आता डोळ्यांत विनवणी होती. मी एक तुकडा दोन बोटांत धरून उचलला, पहिल्यांदाच बघतेय असा उलटसुलट केला आणि तोंडात टाकला. मग तोंड वाकडं केलं. त्यासाठी मला नाटक करावं लागलं नाही.