म्हनजेकाका

आमच्या शाळेचे शिपाई कुठल्याही मोठ्या शब्दाला सुखानं पुढे जाऊ द्यायचे नाहीत. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक लाउडस्पीकरवर 'चारित्र्य' म्हणाले, की घंटेचा दांडा काखेत धरून काका फोन तोंडाशी न्यायचे आणि खच्चून ओरडायचे, "चारित्र्य म्हनजे काय शे?" पोरं प्रार्थना सोडून हसायची. म्हनजेकाका हे नाव पोरांनीच पाडलं.

काका मूळचे अमळनेरकडचे. उमेदीची सगळी वर्षं सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात गेली, आणि तिथल्या खडखडाटात कानही गेले. मग तिथल्याच आमच्या मराठी शाळेत शिपाई म्हणून लागले. मी त्याच वर्षी साताऱ्याकडून आलेला मराठीचा शिक्षक. शुद्ध भाषेचा मला फार तोरा. इथल्या मराठीत गुजराती शब्द आले, की माझ्या कपाळाला आठी पडायची.

मधल्या सुट्टीत काका फोन घेऊन यायचे. "सर, ह्यो माझं ऐकस, पन त्याचं माले ऐकू येत नही, वाचता बी येत नही. तुम्ही वाचा. तोंड मात्र माझ्याकडे ठेवा." मी आपला त्यांच्याकडे तोंड करून वाचायचो. मला वाटायचं, कमी ऐकू येतं, म्हणून म्हणत असतील.

फोन तरी काय, त्याला जे सापडेल ते दाखवणार. 'शांती'ला साड्यांचं दुकान निघालं. 'मोक्ष' म्हटलं तर बांधकाम चालू असलेली इमारत, दोन आणि तीन खोल्यांचे फ्लॅट. काका खूश. "बघा सर, मोक्षात पार्किंग बी शे!" 'समाधान' विचारलं, तर सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतला समाधान नावाचा वेल्डर निघाला. मी हसून विसरलो. काका मात्र रविवारी बस पकडून खरंच सचिनला गेले. सोमवारी मला म्हणाले, "तो म्हने, नाव बापानं ठेवलं, माले काय इचारता? पन स्टूल दिला, चहा पाजला. चहा पेताना माले वाटनं, हाईच व्हई समाधान." शब्दकोशातला अर्थ मी वाचून दाखवला होता, तो त्यांना कोरडा वाटला होता.

एकदा मी विचारलं, "काका, या वयात हे कशाला?" ते म्हणाले, "खात्यात उभा जल्म गेला. तिथं बोलनंच नही, त शब्द कुठून येतीन? आता टाइम शे." मला त्यांचं कौतुक वाटायचं. खरंच वाटायचं. हे आज मुद्दाम लिहावं लागतंय, कारण पुढे मी जे केलं त्यात ते कुठेच दिसत नाही.

एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत गप्पा रंगल्या होत्या. मला नकला चांगल्या जमतात. पट्टी काखेत धरली, डस्टर फोनसारखं हनुवटीशी धरलं आणि सुरू केलं, "अक्कल म्हनजे काय शे? माले कुठं भेटीन? पत्ता सांग!" सगळे पोट धरून हसले. खिडकीतून, अंगणापलीकडे स्टुलावर बसलेले काका दिसत होते. आमच्याकडेच बघत होते. त्यांना ऐकू येत नाही या भरवशावर मी ती नक्कल आणखी एकदा केली.

शाळा सुटल्यावर काका आले. हातात फोन नव्हता. "सर, आज सगळे माझ्यावर हसत होते का?"

"छे हो! तुमचं कौतुकच करत होतो."

काका माझ्या तोंडाकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "सर, माले खोटं लागनं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिपाई मला तोंडावर खोटारडा म्हणतो! खोटं तर मी बोललोच होतो, म्हणून जास्तच झोंबलं. "मी खोटं बोलत नसतो," असं फटकारून मी निघालो. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातल्या बाकावर काकांकडे पाठ करून बसू लागलो. ते दोन-तीनदा बाकाच्या मागे येऊन उभे राहिले. मी वळलो नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मुलीकडे बारडोलीला गेले आणि तिथेच वारले.

शाळा उघडल्यावर मुलगी किल्ल्या परत द्यायला आली. सुरतेत जन्मलेली, बोलण्यात निम्मं गुजराती. जाताना थांबून तिनं विचारलं, "सर, बाबांचं तुम्हाला काही खोटं लागलं होतं का? सारखे म्हणायचे, सर बोलत नाहीत, माझंच काहीतरी खोटं लागलं असेल."

"खोटं? ते कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही."

ती गोंधळली. "तसं नाही, सर. खोटं लागणं म्हणजे वाईट वाटणं, मनाला लागणं. गुजरातीत बोलतात ना. आम्ही घरीपण तसंच बोलतो."

 मी विचारलं, "पण त्यांना लांबचं ऐकू येत होतं का?"

"ऐकू कुठलं! खात्यातली माणसं ओठ वाचतात, सर. मशीनच्या आवाजात दुसरं काय करणार? बाबा तर रस्त्यापलीकडच्या माणसाचं बोलणं सांगायचे."

म्हणजे त्या दुपारी त्यांनी खिडकीतून सगळं वाचलं होतं, आणि त्यांनी मला खोटारडा म्हटलंच नव्हतं. मला वाईट वाटलं, एवढंच ते सांगत होते. हा अर्थ मराठीच्या शिक्षकाला कळला नाही.

तिनं त्यांचा फोन दाखवला. सुट्टी लागण्याआधीचे काही दिवस त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला होता, 'माफी म्हणजे काय'. खाली उत्तर म्हणून ओळीनं कर्जमाफीच्या बातम्या आल्या होत्या. काकांना हवा तो अर्थ वाचून दाखवणारा माणूस तेव्हा दहा पावलांवरच होता. त्यांच्याकडे पाठ करून बसला होता.