अठ्ठेचाळीस नंबरची पिशवी

नवरा गवताची राखण करतो असं तिने सांगितलं की लोक हसायचे. गवत काय पळून जातंय? पण ते साधं गवत नव्हतं. माळावर सोळा वाफे आखलेले. कुठे एकाच जातीचं गवत, कुठे चार जातींचं, आणि शेवटच्या वाफ्यात सोळा जातींची नुसती दाटी. वाळलेला पाला कुठे लवकर कुजतो ते हा प्रयोग मांडणाऱ्या कॉलेजच्या मॅडमना बघायचं होतं. त्यासाठी दहा-दहा ग्रॅम पाला नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरून मातीत पुरायचा. किडामुंगीला जायला-यायला भोकं, आणि जाळी स्वतः कुजत नाही. पिशव्या शिवायची ती, पुरायचा तो. प्रत्येक वाफ्यात तीन, त्यातली एकेक दरवर्षी उकरायची.

घरी आला तरी त्याच्या तोंडी दुसरा विषय नसे. "अगं, एकट्या गवताच्या वाफ्यातली माती बघ, आळशी झालीय नुसती. आणि सोळांच्या घरात गांडुळांना उसंत नाही!"

"गांडुळांचं कौतुक पुरे. शर्टाचं बटण तुटलंय, तेवढं लावायला शिका."

सुई हातात घेतली की हा माणूस घामाघूम व्हायचा.

शेवटची, अठ्ठेचाळिसावी पिशवी शिवताना नायलॉनचा दोरा संपला. सकाळीच पिशव्या पुरायच्या होत्या. तिने बटणांच्या सुती दोऱ्यानेच तोंड शिवून टाकलं. आठवडाभराने तिच्या ध्यानात आलं. सुती दोरा तर पाल्याच्याही आधी कुजणार! शिवण सुटणार, पाला मातीत सांडणार आणि मॅडम लिहिणार, काय झपाट्याने कुजला! खोटा आकडा, तोही याच्या लाडक्या वाफ्यातला. उकरून पुन्हा शिवावी, तर मातीला हात लागला की सगळं बिघडतं, हे त्यानेच शंभरदा सांगितलेलं. आणि त्याला सांगावं, तर त्याचं तोंड एवढंसं होईल. शब्द ओठांवर यायचा आणि ती गिळून टाकायची.

दोन वर्षं पिशव्या ठीक निघाल्या. अठ्ठेचाळीसची पाळी तिसऱ्या वर्षी होती. त्याआधीच तो गेला. छातीत कळ आली म्हणून वाफ्याच्या कडेला बसला, तो उठलाच नाही.

शेवटच्या पिशव्या काढायला मॅडमबरोबर तीच गेली. एकट्या गवताच्या वाफ्यातली पिशवी चांगली फुगलेली निघाली, निम्म्याहून जास्त पाला तसाच. शेवटच्या वाफ्यापाशी आल्यावर तिला राहवेना.

"मॅडम, ही फाटलेली निघणार. मी सुती दोरा वापरला होता. यांना काही ठाऊक नव्हतं हो, यांच्या नावाला बट्टा नको."

मॅडमनी खुरपं थांबवलं. "तीन वर्षं पोटात ठेवलंत, मावशी?"

"ठेवलं खरं."

माती बाजूला झाली. पिशवी वर आली ती अख्खी. सुती दोऱ्याचा मागमूस नव्हता. त्या जागी निळे, जाडेभरडे टाके होते, एक इकडे, एक तिकडे, लंगड्या माणसाच्या पावलांसारखे. वाफे आखायच्या नायलॉनच्या दोरीतून धागा सोडवून घातलेले.

"ही शिवण तुमची नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही. यांची आहे."

म्हणजे पुरायच्या आधीच त्याने पाहिलं होतं. इथे उन्हात बसून, बोटं टोचून घेत शिवलं होतं. आणि घरी येऊन गांडुळांबद्दल बोलला होता. तिचं तोंड एवढंसं होऊ नये म्हणून.

"बोलायचं होतं की हो," ती पुटपुटली. कोणाला, ते मॅडमनी विचारलं नाही.

तपासणीच्या खोलीत वजनकाट्यापाशी मॅडमनी पिशवी उघडायला कात्री उचलली. आतला पाला चिमूटभरच उरला होता, खराखुरा कुजून.

"कापू नका. मी उसवते."

ती सुईच्या टोकाने एकेक टाका सोडवत गेली. शेवटी गाठ आली. त्याने एकीवर एक अशा चार गाठी मारल्या होत्या. तिला एकही सुटेना, आणि सोडवायची घाईही नव्हती. मॅडमनी कात्री खाली ठेवली आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या.