दार लावून दिलेला आशीर्वाद

दोन हजार चार साली सॉल्ट लेक सिटीत मला नववा महिना लागला, आणि आईचा व्हिसा नाकारला गेला. खालच्या मजल्यावरच्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या एक वयस्कर बाई रोज सूप आणायच्या, बोलता बोलता माझ्या सुजलेल्या पायांखाली उशी सरकवायच्या. मी त्यांना आजीच म्हणायचे.

एका दुपारी मी बाळंतपणाच्या भीतीने रडू लागले. आजी जवळ येऊन बसल्या.

"चर्चमधून कुणाला बोलावू? डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद आमच्यात पुरुषच देतात."

"तुम्हीच द्या ना, आजी."

त्यांनी हातातला सूपचा वाडगा खाली ठेवला. "माझी पणजी द्यायची, बाळंतपणाआधी बायकांना. पुढे चर्चने ते बंद केलं."

मग त्यांनी उठून दार लावलं आणि दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले.

बाळ बघायला त्या आल्या, पण त्या दुपारबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.